शेवटच्या खोलीपर्यंत

घरातील काही वस्तू आपण हौसेने विकत घेतो, तर काही गरजेपोटी. हौसेच्या वस्तूची निवड डोळे करतात. गरजेच्या वस्तूची निवड मात्र विचारपूर्वक करावी लागते. पाण्याची टाकी, विजेचा इन्व्हर्टर यांच्या पंक्तीत गेल्या काही वर्षांत आणखी एक वस्तू येऊन बसली आहे, ती म्हणजे वाय-फायचा राउटर. बारीक दिवे लुकलुकणारी ही लहानशी पेटी सुरळीत चालू असते, तोवर तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ती अडखळली की प्रत्येकाचे काम अडते. अशा वेळी घरात कोणाचे काम मोलाचे मानले जाते आणि कोणाचे काम थांबले तरी चालेल असे समजले जाते, तेही उघड होते.

आमचे कुटुंब पूर्व दिल्लीतील लक्ष्मीनगर भागात राहते. आई, दादा, वहिनी, त्यांची मुलगी, मी, माझी पत्नी आणि आमचा मुलगा, अशी आम्ही सात माणसे. या भागातील घरे अरुंद आणि लांबट. दोन्ही बाजूंच्या आणि मागच्याही भिंती शेजाऱ्यांच्या भिंतींना चिकटलेल्या. रस्त्याकडील बैठकीच्या खोलीतून आत गेले की आगगाडीच्या डब्यांप्रमाणे एकामागून एक खोल्या लागतात. इंटरनेटची तार रस्त्यावरच्या खांबावरून आली, म्हणून कारागिराने पेटीही बैठकीच्या खोलीतच, दारालगत बसवली. दिल्लीत बहुतेक घरांत असेच होते. तार जेथे संपते, तेथेच पेटी टांगली जाते. ती कोणाला जवळ पडेल आणि कोणाला दूर, याचा विचार सहसा होत नाही.

संपूर्ण घर एकाच वेळी इंटरनेटवर अवलंबून राहण्याचा प्रसंग दिल्लीकरांवर वारंवार आला आहे. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि शाळा व कचेऱ्या घरात शिरल्या. टाळेबंदी उठली, परंतु दिल्लीला दुसरे कारण आहेच. हिवाळा सुरू होताना येथील हवा इतकी दूषित होते, की मुलांना घराबाहेर पाठवणे धोक्याचे ठरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रदूषण अतिगंभीर पातळीला पोहोचले, तेव्हा शाळांचे वर्ग ऑनलाइन भरू लागले आणि अनेक कर्मचाऱ्यांना घरून काम करण्यास सांगण्यात आले. त्या दिवसांत आमच्याकडे दादाची कचेरीतील बैठक, मुलाचा वर्ग, पुतणीचे महाविद्यालयीन तास, माझे भाषांतराचे काम, पत्नीचा हिशेब आणि आईचे कीर्तन, हे सारे सकाळी दहा वाजता एकदमच सुरू होई.

या यादीत वहिनींचे नाव नव्हते. वास्तविक, त्यांचेही शिक्षण चालू होते. नववीनंतर लग्न झाले आणि त्यांची शाळा सुटली. पंचवीस वर्षांनी त्यांनी पुन्हा पुस्तके हाती घेतली होती आणि एप्रिलमधील दहावीच्या परीक्षेला बसण्याचा निश्चय केला होता. विज्ञानाचे ध्वनिचित्रित पाठ त्या मोबाइलवर पाहत. त्यांची बसण्याची जागा म्हणजे स्वयंपाकघरापलीकडची शेवटची खोली. तेथे पाठ सुरू झाला की चित्र थबके आणि पडद्यावर एक वर्तुळ फिरत राही. कोणी विचारले, तर त्या म्हणत, "भाऊजी, माझं काय एवढं? रात्री सगळे झोपले की बघीन." दिवसभर राबून रात्री अकराला अभ्यासाला बसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत विज्ञान किती उतरणार, हे सांगायला नको.

घरात यावर चर्चा झाली. दादाचे मत पडले, की दरमहा अधिक पैसे भरून जास्त वेगाची जोडणी घ्यावी. शेजाऱ्यांनी सहा ॲंटेनांचा एक महागडा राउटर सुचवला. संगणकशास्त्र शिकणारी पुतणी मात्र म्हणाली, "आधी मोजू या, मग घेऊ."

प्रथम तिने गरजेचा हिशेब मांडला. उत्तम प्रतीचे चलचित्र पाहायला सेकंदाला साधारण ५ मेगाबिट पुरतात. दूरस्थ बैठकीला किंवा वर्गाला सहसा त्याहून कमी. सात माणसांची बेरीज ३५ पर्यंत जाते, आणि आमची जोडणी होती १०० मेगाबिटची. मग तिने संगणक तारेने थेट पेटीला जोडून वेग मोजला. तो ९४ भरला. म्हणजे बाहेरून येणारा प्रवाह पुरेसा होता. त्यानंतर ती मोबाइल घेऊन घरभर फिरली. बैठकीच्या खोलीत वेग ८० च्या वर, मधल्या खोलीत ३०, आणि शेवटच्या खोलीत जेमतेम २. दोष पुरवठ्याचा नव्हता, वाटपाचा होता.

असे का व्हावे? वाय-फाय म्हणजे बिनतारी लहरींवरून होणारी देवाणघेवाण. अशा लहरी भिंतीतून पार होतात, हे जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात, भिंतीपलीकडची घंटा वाजवून लोकांना दाखवले होते. मात्र प्रत्येक भिंत लहरींचा काही अंश गिळते. विटांची जाड भिंत त्यांना दुबळे करते, लोखंडी कपाट त्यांना परतवते आणि पाणी त्यांना शोषून घेते. दिल्लीच्या उन्हाळ्यात खिडकीत पाण्याने भरलेला कूलर असतो, तोही त्यांच्या वाटेत येतो.

घरगुती राउटर प्रामुख्याने दोन पट्ट्यांतील लहरी वापरतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीच्या असून त्या दूरवर पोहोचतात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी त्याच्या साधारण निम्म्या लांबीच्या. त्यांवरून माहिती वेगाने जाते, परंतु भिंतींपुढे त्या लवकर थकतात. भारत सरकारने जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा आणखी मोठा भाग खुला केला. म्हणूनच आपण दुकानातून राउटर आणून विनापरवाना वापरू शकतो. पण जे सर्वांसाठी मोकळे असते, तेथे गर्दीही होते. आमच्या शेवटच्या खोलीत मोबाइलवर शेजाऱ्यांच्या वीसेक जोडण्यांची नावे दिसत. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १३ मार्गिका असल्या, तरी एकमेकींना न भिडणाऱ्या फक्त ३ निवडता येतात. सूक्ष्मलहरींची भट्टी, म्हणजे मायक्रोवेव्ह, हीसुद्धा याच पट्ट्यात गोंगाट करते.

याहून महत्त्वाची एक गोष्ट पुतणीने सांगितली. एका मार्गिकेवर सर्वसाधारणपणे एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. बाकीच्यांना थांबावे लागते. सार्वजनिक नळावरची रांग आठवून पाहा. रुंद तोंडाची बादली झटकन भरते. अरुंद तोंडाच्या भांड्यात मात्र धार बारीक सोडावी लागते, आणि तेवढा वेळ सारी रांग खोळंबते. दूरच्या खोलीतील मोबाइल असाच असतो. त्याला संकेत नीट ऐकू येत नाहीत, म्हणून तो हळू बोलतो आणि पुन्हा पुन्हा विचारतो. त्यात इतरांचा वेळ जातो. वहिनींचा पाठ अडत होता आणि त्याच वेळी दादाची बैठकही तुटत होती, ती यामुळेच. शेवटच्या माणसाची गैरसोय ही त्याच्यापुरती राहत नाही. ती सगळ्या घराला जाणवते.

आता निवडीचा प्रश्न सोपा झाला. मोडेम आणि राउटर ही दोन वेगळी कामे आहेत, हे येथे समजून घ्यायला हवे. बाहेरून येणाऱ्या तारेतील संकेतांचे संगणकाला समजतील अशा संकेतांत रूपांतर करणे, हे मोडेमचे काम. आत आलेला प्रवाह निरनिराळ्या उपकरणांना पोहोचवणे, हे राउटरचे काम. एक दारातला दुभाषा, दुसरा पंगतीतला वाढपी. जोडणी तांब्याच्या टेलिफोन-तारेवरून येत असेल, तर दोन्ही कामे करणारा मोडेम-राउटर घेणे सोयीचे ठरते. आमच्याकडे प्रकाशतंतूची तार येते. तिच्यासाठी लागणारी दुभाष्याची पेटी सेवा देणारी कंपनीच बसवते. आम्हांला हवा होता फक्त चांगला वाढपी.

पुतणीला घेऊन मी नेहरू प्लेसला गेलो. लक्ष्मीनगरहून मेट्रोने निघून मंडी हाउसला गाडी बदलली की संगणकाच्या या मोठ्या बाजारात पोहोचता येते. तेथे खोक्यांवर मोठमोठे आकडे छापलेले होते. 'एएक्स १५००' असे लिहिलेल्या खोक्याचा अर्थ पुतणीने उलगडून सांगितला. एका पट्ट्यावरचे ३०० आणि दुसऱ्यावरचे १२०१ मेगाबिट यांची ती बेरीज. एक मोबाइल सहसा एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे ही बेरीज त्याच्या वाट्याला कधीच येत नाही. शिवाय हे प्रयोगशाळेतील कमाल आकडे. भिंती त्यांत धरलेल्या नसतात. ॲंटेनांची संख्या वाढली म्हणून लहरी भिंती फोडत नाहीत, कारण लहरींच्या शक्तीला कायद्याने मर्यादा घातलेली असते.

आम्ही मोजक्याच गोष्टी पाहिल्या. दोन्ही पट्टे आहेत का? तार जोडण्याची खाच १०० मेगाबिटचीच आहे की १००० ची? कारण पुढे जोडणीचा वेग वाढवला, तर १०० ची खाच तो अडवून धरते. उपकरण वाय-फाय ६ या पिढीचे आहे का? या पिढीतील राउटर अनेक उपकरणांच्या लहान मागण्या एकत्र भागवू शकतो. अर्थात मोबाइलही त्याच पिढीचा असेल तरच हा लाभ पूर्ण मिळतो. कंपनी सुरक्षेच्या सुधारणा किती काळ पुरवते? आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर तो चालेल का?

दुकानदाराने लहरी पुढे ढकलणारा रिपीटर दाखवला. तो हवेतून ऐकतो आणि हवेतूनच पुन्हा सांगतो, म्हणून वेग बराच घटतो. आम्ही त्याऐवजी मध्यम किमतीचा एक राउटर, आतल्या भागासाठी एक लहान जोडपेटी आणि वीस मीटर तार घेतली. ही तार १०० मीटरपर्यंत वेग न गमावता माहिती नेते. सगळा खर्च त्या सहा ॲंटेनांच्या राउटरपेक्षा कमी आला.

जोडपेटी कोठे बसवायची, यावर घरी पुन्हा वाद झाला. दादाच्या मते ती मधल्या खोलीत असावी, म्हणजे त्याला आतही बैठक घेता येईल. आई इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "पंगतीत शेवटच्या पानावर तूप पोचलं, तर वाढप नीट झालं म्हणायचं." मग दादानेच शिडी आणली. भिंतीच्या कडेने तार नेऊन जोडपेटी शेवटच्या खोलीत, कपाटापासून दूर, माणसाच्या उंचीवर लावली. पुतणीने दोन्ही पेट्यांना वेगवेगळ्या मार्गिका दिल्या, मूळचा परवलीचा शब्द बदलला आणि पाहुण्यांसाठी वेगळी जोडणी ठेवली.

त्या संध्याकाळी पुन्हा मोजणी झाली. शेवटच्या खोलीत वेग ७० भरला. बैठकीच्या खोलीत आकडा पूर्वीइतकाच होता, परंतु दादाची बैठक तुटेनाशी झाली. वहिनी दुपारी दोन ते चार अभ्यासाला बसू लागल्या. एप्रिल २०२५ च्या परीक्षेत त्यांचे चार विषय सुटले, गणित राहिले. "गणिताचं वर्तुळ अजून फिरतंय," असे त्या हसून म्हणतात आणि पुन्हा वही उघडतात.

बाजारात यंत्रे दरवर्षी बदलतील. आज नवा असलेला राउटर उद्या जुना होईल आणि खोक्यांवरचे आकडे वाढत जातील. तुम्ही असे उपकरण घ्यायला निघाल, तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी घरातून एकदा फिरा. सर्वांत दूरच्या खोलीत कोण बसते आणि ते काय करते, हे पाहा. तक्रार न करणारी माणसे बहुधा तेथेच असतात. त्यांच्यापर्यंत जे पोहोचते, ते वाटेतल्या सर्वांनाही पुरते.