न लागणारा दिवा

बदलापुरात राहणाऱ्या माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाला उल्हासनगर काही दूर नाही. मध्ये काय ते अंबरनाथ. तरीही मोटारीच्या दुरुस्तीसाठी तेथे जाण्याचे मी कटाक्षाने टाळीत असे. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद आमच्या पिढीने इतक्या वेळा ऐकला होता की, तेथील मालाविषयी आणि माणसांविषयी माझे मत न तपासताच बनून गेले होते.

गेल्या पावसाळ्यात माझी जुनी मोटार एके सकाळी सुरू होईना. बॅटरी संपली, असे निदान मीच केले. दुसऱ्या शहरातील एका चकचकीत दुकानातून नवी बॅटरी आणली व जुनी तेथेच मोडीत दिली. दहा दिवस सुखात गेले. अकराव्या दिवशी, एका स्नेह्याकडून परतताना, उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये भर पावसात गाडीचे दिवे मंदावले, काचेवरचे वायपर रेंगाळू लागले आणि इंजिन बंद पडले.

समोरच्या गॅरेजातून सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ छत्री घेऊन आले. "या साईं, आधी आत बसा."

"नवी बॅटरीच खराब निघाली, दादा," मी म्हणालो.

"आधी दोष शोधू, मग कुणाच्या माथी मारायचा ते ठरवू."

त्यांनी बॅटरीच्या टोकांवर गंज आहे का ते पाहिले. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबला. तो घट्ट होता. मग आपल्या बॅटरीची तार जोडून इंजिन सुरू केले, तार काढली आणि मीटर लावले. इंजिन चालू असताना काटा १४ व्होल्टच्या आसपास हवा. तो १२ च्याही खाली होता. इंजिनाचा वेग वाढवला तरी हलेना.

"बॅटरी म्हणजे रांजण, साईं. पाणी भरणारा अल्टरनेटर. भरणाराच झोपला, तर नवा रांजण काय करील?"

"पण बॅटरीचा लाल दिवा तर एकदाही लागला नाही!" मी पुराव्यासारखे सांगितले.

ते हसले. त्यांनी इंजिन बंद करून किल्ली अर्धी फिरवली. दिवा लागला नाही. "आता तो लागायला हवा, आणि इंजिन सुरू झाले की विझायला हवा. मुळातच लागत नाही, तो काय सांगणार?"

ज्या मौनाला मी कुशल समजत होतो, तीच तक्रार होती!

अल्टरनेटर उघडला, तेव्हा आतले दोन कार्बन झिजून करंगळीच्या नखाएवढे उरले होते. फिरणाऱ्या भागाला त्यांच्यातूनच वीज मिळते. ती थांबली की चुंबकत्व नाही, आणि चुंबकत्व नाही म्हणजे वीजनिर्मिती नाही. अल्टरनेटर बदलण्याची गरज नव्हती.

बॅटरी चार्जिंगला लावून ते गप्पा मारीत बसले. दुसऱ्या महायुद्धात येथे लष्कराची छावणी होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींत आसरा मिळाला, आणि १९४९ साली चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. दादांचा जन्म अशाच एका बराकीतला. दोन कुटुंबांत भिंत म्हणून गोणपाटाचा पडदा असे, हे त्यांनी हसत सांगितले. मला मात्र हसता आले नाही.

नवे कार्बन बसवताना ते मिस्किलपणे म्हणाले, "इथलेच आहेत, साईं. मेड इन यूएसए. चालतील ना?"

माझी मान खाली गेली. अडीचशे रुपये घेऊन त्यांनी सहज विचारले, "जुनी बॅटरी कुठे आहे?"

"मोडीत दिली."

"चांगलीही असेल. एकदा मीटर लावायचे होते."

मी गाडीत बसून किल्ली अर्धी फिरवली. लाल दिवा लागला. इंजिन सुरू केले, तसा तो विझला. दादांनी मीटर माझ्यापुढे धरले: १४.१.