सोबत्याची नजर

अलौकिक नायकाच्या कथनात एक पेच असतो. सामर्थ्य जितके मोठे, तितके त्याचे रोजचे जगणे कथेबाहेर राहते. आणि केवळ सामर्थ्यापुरता दिसणारा नायक विश्वसनीय वाटत नाही. अमेरिकी चित्रकथांतील बॅटमॅन १९३९ मध्ये अवतरला. पुढच्याच वर्षी त्याला रॉबिन हा सोबती द्यावा लागला. मराठी गद्याने हा पेच तेराव्या शतकातच आपल्या रीतीने हाताळला होता.

मेडशीहून मालेगावला येऊन पश्चिमेची वाट धरली की मेहकर लागते. श्रीचक्रधरांची आणि बोणेबाईंची भेट येथली. बोणे म्हणजे नैवेद्याचे अन्न. नावातच सेवा आहे. ही भेट लीळाचरित्राच्या 'एकांक' भागात येते. चक्रधरांभोवती कायमचा परिवार नव्हता, तो हा काळ. त्यातील बरेचसे त्यांनीच पुढे परिवाराला सांगितलेले. येथे कथन वेगाने स्थळे ओलांडते, अद्भुताला मोकळी वाट मिळते.

पैठणला बाइसा भेटतात आणि पूर्वार्धात कथनाची गती बदलते. पूजावसर, आरोगणा, पहुड, उपहुड, विहरण : तेच मोजके शब्द लीळेमागून लीळेत येतात. ही पुनरुक्ती शैलीचा दोष नव्हे. जो पाणी तापवतो, ताट वाढतो, अंथरूण घालतो, त्याच्या दिवसाचे हे मोजमाप आहे. अवताराचा काळ येथे सेवकाच्या कामांनी मोजला जातो. दोन आरोगणांच्या मधे घडलेला चमत्कार त्यामुळेच पाहिल्यासारखा वाटतो. श्रद्धावंताला जो परमेश्वर, तो वाचकाला प्रथम जेवणारा, झोपणारा, फिरायला जाणारा माणूस म्हणून भेटतो.

म्हाइंभटांनी या आठवणी नागदेवाचार्यांकडून आणि गावोगावच्या प्रत्यक्षदर्शींकडून मिळवल्या. मूळ पोथी पुढे नष्ट झाली. अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. म्हणून पाठ अनेक झाले. आठवणींत फरक पडला तिथे 'एकी वासना' म्हणून दुसरी आठवणही नोंदली गेली. निष्ठावंत साक्षीदार आपल्या स्मृतीची मर्यादा लपवत नाही, हे या ग्रंथाचे मोठे बळ. वि. भि. कोलते यांच्या १९७८ च्या संपादनासह सर्व संपादकांना या बहुस्वरी संहितेशीच झगडावे लागले आहे.

प्रश्न उरतो तो कर्तृत्वाचा. वाङ्मयेतिहास म्हाइंभटांना गद्यकार म्हणून गौरवतो, बाइसांना पात्र म्हणून ओळखतो. पण पूर्वार्धाची लय ज्या दिनक्रमातून आली तो त्यांच्या हातांचा आहे. संस्कृत न जाणणाऱ्या म्हाताऱ्या वंचित राहतील, म्हणून नागदेवाचार्यांनी मराठीचाच आग्रह धरला होता. म्हणजे ग्रंथाची भाषाही सोबत्यांच्याच गरजेने ठरली. नायकाच्या थोरवीची मीमांसा पुष्कळ झाली. त्याच्या ताटाशी बसून ती पाहणारी नजर मात्र समीक्षेने अजून निवेदक म्हणून पुरेशी वाचलेली नाही.