चाड्यावरची मूठ आणि केशरी शंकू



उत्तरा निम्मी सरली. कुळवाच्या पाळ्या झाल्या, ओढ्याकडचा तुकडा तेवढा वाफशाची वाट बघतोय. मागच्या नोंदीखाली दोघातिघांनी विचारलं होतं, की त्या तुकड्यात तुम्ही अजून पाभरीनंच पेरता, तर मूठ कुणी शिकवली? उत्तर देतो. पण ते कॉम्प्युटरमधनं फिरून येतं, तेव्हा जरा लांबण लागेल.

तुकडा ३० गुंठ्यांचा, चिंचोळा. ट्रॅक्टर वळत नाही. तिथं बैल आणि पाभरच. आबा होते तोवर चाड्यावर मूठ त्यांची, मी बैल धरायचो. २०१९ ला आबा गेले. पुढची दोन वर्षं मूठ माझ्याकडं आली आणि माझीच मला लाज वाटली. एकरी चार किलोच्या हिशोबानं तीन किलो मालदांडी पुरायला पाहिजे, माझं पाच किलो गेलं. तरी उगवण कशी, तर एका तासात कोथिंबिरीच्या वाफ्यासारखी दाट आणि शेजारच्या तासात हात हात मोकळं. बैलं धरून चाळीस पावसाळे काढले, पण मागं आबांचा हात काय करतोय हे वळून बघितलं नव्हतं.

मग आठवलं. मी जुन्या बटणांच्या मोबाइलवर एकदा आबांची पेरणी घेतली होती. २०११ ची असेल. मेमरी कार्ड देव्हाऱ्याच्या फळीवर काडेपेटीत सापडलं. आताच्या फोनमध्ये घातलं तर लागलं, पण चित्र नखाएवढं आणि हात भरभर. मला ते मोठं आणि सावकाश बघायचं होतं. घरी पोरीसाठी घेतलेला जुना डेस्कटॉप होता, विंडोज ७ वाला. त्यात कार्ड घातलं. त्याच्यातल्या प्लेअरनं सरळ सांगितलं, ही फाइल मला चालत नाही.

पोरगी तेव्हा पॉलिटेक्निकला बाहेरगावी. फोनवर म्हणाली, "पप्पा, व्हीएलसी टाका. फुकट आहे, काहीही चालवतो." साइटचं नावही सांगितलं, व्हिडिओलॅन डॉट ओआरजी. ही गोष्ट सप्टेंबर २०२२ ची. साइट काही उघडेना. मी मोबाइलचं नेट लावलं, रेंजसाठी माळवदावर गेलो, तरी नाही. नंतर कळलं की त्या सालच्या फेब्रुवारीपासून भारतात बऱ्याच ठिकाणी ती साइट बंद केलेली होती. नोव्हेंबरात ती पुन्हा सुरू झाली. मला हे कुठलं माहीत? मी आपला नेटला शिव्या देत बसलो.

आणि मग जे करू नये ते केलं. गुगलला विचारलं, दुसरीकडं कुठं मिळतंय का. एका पानावर भलं मोठं हिरवं बटण होतं. दाबलं. फाइल उतरली, मी "हो, हो, पुढं" करत गेलो, जसं दुकानदार म्हणतोय म्हणून औषधाची बाटली घ्यावी तसं. प्लेअर आला का नाही तेच कळलं नाही, पण बाकी वऱ्हाड आलं. ब्राउझरचं पहिलं पान बदललं, जाहिराती सुरू, आणि दर पाच मिनिटाला खिडकी उघडायची, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहेत, पैसे भरा. मेमरी कार्ड अजून आतच होतं. ते लक्षात आलं तेव्हा पोटात गोळा आला. आबांचे फोटो चार-पाच आहेत, पण हलते आणि बोलते आबा त्या एकाच कार्डात. उपसून काढलं आणि परत काडेपेटीत ठेवलं. कॉम्प्युटर तालुक्याला नेऊन सगळा पुसून घेतला. पाचशे रुपये गेले, म्हणजे दुसऱ्यांदा बियाणं वाया.

दिवाळीला पोरगी आली ती पेनड्राइव्हवर खरं व्हीएलसी घेऊन. मी म्हणलं, "असं कुणाकडनं घेतलेलं चालतं का? चोरी नाही ना?" ती हसली. तिनं जे सांगितलं ते मला माझ्या भाषेत असं कळलं: हायब्रीड बी दरवर्षी पिशवी फोडून घ्यावं लागतं, मालदांडीचं मात्र घरचं धरून ठेवता येतं, शेजाऱ्याला पायलीभर देताही येतं. हे दुसऱ्या जातीतलं. वापरा, वाटा, येत असेल तर आत हात घालून बदला. अट एवढीच, की बदललेलं लोकांना दिलं तर ते आतनं कसं केलंय तेही उघड ठेवायचं. १९९६ ला पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांनी वसतिगृहाच्या जाळ्यावरनं व्हिडिओ बघता यावा म्हणून काम सुरू केलं आणि २००१ ला ते असं खुलं करून टाकलं. चिन्ह म्हणजे रस्त्यावर ठेवतात तो केशरी शंकू. मला आधी वाटलं, काम अर्धवट राहिलंय म्हणून लावलाय.

टाकायला पाच मिनिटं लागली नाहीत. फाइलवर दोनदा क्लिक केलं की विंडोज विचारतं, परवानगी देऊ का. तिथं पोरीनं माझा हात धरला. "आधी नाव वाचा." बनवणाऱ्याच्या जागी व्हिडिओलॅन लिहिलेलं होतं. ते बघून मगच हो म्हणायचं. मी हिरवं बटण दाबलं त्या दिवशी हेच वाचलं नव्हतं. पुढं नेक्स्ट, नेक्स्ट, इन्स्टॉल. मोबाइल नंबर मागितला नाही, ईमेल नाही. पहिल्यांदा उघडल्यावर एवढंच विचारलं, की गाण्या-व्हिडिओची माहिती नेटवरून आणू का. ती खूण काढून टाकली.

मग कार्ड लावलं, आणि आबा आले.

खरं सांगायचं तर मोठ्या पडद्यावर चित्र म्हणजे नुसते चौकोन. फेटा कळतो, बैल कळतात, बोटं काही कळत नाहीत. ई दाबलं की एकेक चित्र पुढं सरकतं, तेही करून बघितलं. मूठ म्हणजे एक काळसर ठिपका. माझा जीवच गेला.

पण पोरीनं पी शेजारचं चौकोनी कंसाचं बटण दाबून वेग कमी केला आणि आवाज शंभरच्या पुढं, सव्वाशेपर्यंत नेला. आवाज सावकाश झाला, तरी जाड झाला नाही. आबांचाच राहिला. फोनवर जे वाऱ्याच्या घोंघाटात गेलं होतं ते आता सुटं सुटं ऐकू यायला लागलं. माझ्याकडं बघून म्हणत होते, "मूठ आवळू नगं. अंगठ्यानं बी लोट. बैलाच्या पावलाबरोबर लोट. बैल थांबला की अंगठा थांबला." आणि मग खास आबांचं, "त्ये डबडं ठेव खाली, बैलं बघ."

आम्ही ते सातवेळा ऐकलं. आईनं एकदाच ऐकलं आणि चहा ठेवायला उठली.

त्या साली परतीच्या पावसानं वाफसा यायलाच दिवाळी उलटली होती, म्हणून शिकलेलं लगेच हाताखाली आलं. बैलाच्या पावलावर लक्ष ठेवून अंगठा चालवला. साडेतीन किलो गेलं. वळणावर अजून दाट पडतं, ते जात नाही. पण मधली तासं बघून शेजारचे अण्णा बांधावर थांबले आणि काही बोलले नाहीत. आमच्याकडं याला शाबासकी म्हणतात.

आता ती फाइल कार्डात आहे, कॉम्प्युटरात आहे आणि दोन पेनड्राइव्हवर आहे. ज्यांना टाकायचं असेल त्यांनी वरच्या साइटवरूनच घ्या, ती आता उघडते. गावातल्यांनी माझ्याकडनं पेनड्राइव्हवर नेलं तरी चालेल.

पाभरीचा एक फण झिजलाय. सुतार उद्या येतो म्हणालाय, म्हणजे परवा धरा.