बर्फ, चिखल आणि उतार

आमच्या जिल्ह्यात बर्फ पडत नाही. तेव्हाच्या उस्मानाबादेत पडत नव्हतं, आताच्या धाराशिवातही पडत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर गारपीट झाली तेव्हा शेतं घंटाभर पांढरी दिसली, पण ती पांढराई हातची पिकं घेऊन विरघळून गेली. तिला कुणी बर्फ म्हणणार नाही. तरीही मी लहानपणापासून बर्फाच्या गोष्टी ऐकत वाढलो. कारण अब्बा फौजेत ड्रायव्हर होते.

फौजेची रसद पोचवणाऱ्या आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. त्यातले तीन हिवाळे लडाखचे. श्रीनगरहून लेहला जाणाऱ्या रस्त्यावर जोजिला लागतो, साडेअकरा हजार फुटांवर. पुढे फोतू ला आणखी उंच. हिवाळ्यात जोजिला बंद होण्याआधीच्या शेवटच्या फेऱ्या सगळ्यांत अवघड, असं ते सांगत. दिवसा रस्त्यावरून वाहणारं झऱ्याचं पाणी रात्री गोठायचं. पहाटे कॉन्व्हॉय निघायचा तेव्हा डांबरावर काच अंथरल्यासारखी असायची. ती दिसायची नाही. चाक तिच्यावर गेलं की कळायचं.

अब्बांच्या ताब्यात शक्तिमान ट्रक असायचा. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरच्या कारखान्यात बनलेला. फौजी त्याला 'थ्री-टन' म्हणत. चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणारी ती गाडी. मी शाळेत असताना अब्बांना विचारलं होतं, की चारही चाकं ओढत असली तर बर्फाची भीती कशाला? ते हसले. म्हणाले, "बेटा, गाडी चढती सो इंजन से, उतरती सो अक्कल से."

तेव्हा ते वाक्य मला म्हणीसारखं वाटलं. म्हणी आपण पाठ करतो आणि विसरून जातो. मीही विसरलो.

अब्बा पेन्शनीत आल्यावर आमच्या गावी, उमरगा भागात राहू लागले. ओळखीच्या एका कंत्राटदाराकडे जुनी महिंद्राची जीप होती, ती चालवायला ते अधूनमधून जात. या जीपच्या कंपनीचा जन्म १९४५ चा, आणि तेव्हा तिचं नाव होतं 'महिंद्र अँड मोहम्मद'. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीच्या पाटीवर दुसऱ्यांदा 'महिंद्र' लिहिलं गेलं. अब्बांना हे माहीत होतं. पण त्यावर भाष्य न करता ते बॉनेट उघडून तेलपाणी बघत.

आमच्याकडच्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांची बहुधा मागचीच दोन चाकं ओढायची. या जीपला मात्र फोर-व्हीलचा दांडा होता. पावसाळ्यात त्याची खरी किंमत कळायची. काळी माती भिजली की ती चाकाला चिकटते, टायरच्या नक्षीत भरते आणि टायर गुळगुळीत होऊन जातो. मागचं एक चाक जागेवर गरगर फिरायला लागलं की साध्या जीपची सगळी ताकद त्या फिरणाऱ्या चाकातच वाया जाते. दांडा ओढला की तीच ताकद पुढच्या चाकांनाही मिळते. प्रत्येक टायरवर कमी भार येतो, तो जमीन सोडत नाही आणि गाडी निघते. चिखलात आणि बर्फात हे गणित एकच आहे.

मी त्या जीपवर गाडी शिकलो. आणि फोर-व्हीलच्या दांड्यावर माझा फार विश्वास बसला.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून गावं झोपली होती. चारला काही मिनिटं असताना जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं दगडामातीच्या रुंद भिंतींखाली आणि माळवदांखाली गेली. सरकारी आकड्याप्रमाणे जवळपास आठ हजार माणसं मेली. वरून पाऊस लागला. रस्ते ट्रकांनी आणि माणसांनी भरले, आणि आडरानातल्या वस्त्यांना जाणाऱ्या गाडीवाटांचा लोणी झाल्यासारखा चिखल झाला.

कंत्राटदारानं जीप लोकांच्या कामाला दिली होती. अब्बा आणि मी दोघे होतो. तिसऱ्या दिवशी सास्तूरच्या अलीकडच्या एका वस्तीवरून निरोप आला, की एक म्हातारी कमरेचं हाड मोडून पडली आहे, तिला कुणी नेलेलं नाही. आम्ही पोचलो. जाताना चढ होता, जीप सरळ चढून गेली. म्हातारीला मागं आडवं ठेवलं, तिचा मुलगा उशाशी बसला. परत निघालो तर तोच चढ आता उतार झालेला, आणि खाली ओढा.

उताराच्या तोंडाशी अब्बांनी हात वर केला. म्हणाले, इथं थांबू. बाज मागवू. चौघंजण तिला उचलून पक्क्या रस्त्यापर्यंत नेतील, अर्धा मैलसुद्धा नाही. गाडी रिकामी उतरवू.

स्टिअरिंगवर मी होतो. वय सत्तावीस. म्हणालो, "फोर-व्हील लावलंय ना अब्बा. आलो तशी जाईल."

अब्बा दुसऱ्यांदा काही बोलले नाहीत. तेव्हा मी मास्तर झालो होतो, लेकीचा बाप झालो होतो. वाढत्या मुलाला बाप दोनदा बोलत नाही. आज वाटतं, बोलायला हवं होतं.

जीप दहा-बारा हात नीट उतरली. मग वेग वाढला म्हणून मी ब्रेक दाबला. चाकं थांबली, जीप थांबली नाही. तिचं मागलं अंग फिरून पुढं आलं, एका बाजूची दोन चाकं चरात गेली आणि ती तिरपी होऊन टेकली. उलटली नाही, एवढंच. म्हातारी त्या वेळी जी ओरडली, ती ओरड माझ्या कानातून अजून गेलेली नाही.

शेवटी बाजच आणावी लागली. तीन घंटे गेले. तिला उमरग्याला नेलं, तिथून सोलापूरला. ती वाचली. वर्षभरानं मी तिला भेटायला गेलो तेव्हा ती पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती, काठी टेकत चालत होती. तिनं मला गुळाचा चहा पाजला. ओढ्याचं नाव तिनं काढलं नाही. माफी मागावी म्हणून गेलेला मी, मीही काढलं नाही.

त्या रात्री अब्बा एवढंच म्हणाले होते, "चारों पहिये खींचते बेटा. रोकते नै."

या वाक्याचा अर्थ मला पुरता उमगला तो सव्वीस वर्षांनी आणि सात समुद्रांपलीकडे.

माझी मुलगी कॅनडात मॉन्ट्रियलला नोकरी करते. २०१९ च्या नोव्हेंबरात आम्ही नवराबायको तिच्याकडे होतो. दुसऱ्याच आठवड्यात बर्फ पडलं. मी पहिल्यांदा बर्फ पाहिलं ते असं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, खिडकीला नाक लावून. अब्बा जाऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती.

मुलीनं नवी गाडी घेतली होती, ऑल-व्हील ड्राइव्ह. तिनं मला समजावून सांगितलं: आपल्या जीपसारखा दांडा ओढायचा नाही, गाडी स्वतःच ओळखते की कुठलं चाक घसरतंय, आणि ताकद दुसरीकडे वळवते. ते खरंच आहे. जीपच्या दांड्यानं पुढची-मागची चाकं एकमेकांना बांधली जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यापेक्षा जास्त अंतर कापतात, म्हणून कोरड्या डांबरावर तशी गाडी अडखळते आणि दांडा काढावा लागतो. नव्या गाड्यांत मध्ये एक यंत्रणा असते, ती हा फरक सांभाळून घेते. त्यामुळे ड्रायव्हरला काही करावं लागत नाही. आणि काही करावं लागत नाही म्हणूनच त्याचं लक्षही राहत नाही.

सकाळी आम्ही निघालो. शेजारच्या छोट्या गाडीची पुढची चाकं बर्फात गरगर फिरत होती, तिचा मालक फावडं घेऊन उभा होता. आमची गाडी हूं की चूं न करता निघाली. मुलगी म्हणाली, "बघितलं पप्पा?" मी कौतुकानं मान हलवली. मला ओढा आठवायला हवा होता. आठवला नाही.

तिच्या घराजवळ कोत-दे-नेज नावाचा भाग आहे. या फ्रेंच नावाचा अर्थच 'बर्फाचा उतार'. तिथल्या एका आडव्या गल्लीतून आम्ही खाली येत होतो. समोर चौकात थांबण्याची लाल पाटी होती. क्यूबेकमध्ये या पाटीवर फ्रेंच शब्द असतो, त्याचा उच्चार जवळपास 'आरे'. आदल्याच दिवशी आम्ही त्यावर हसलो होतो, की हे लोक गाडी थांबवायला मराठीत 'अरे!' म्हणतात.

मुलीनं ब्रेक दाबला. पायाखाली घर्रघर्र झालं, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा काम करू लागली. पण गाडी चालतच राहिली. चौकात एक बाई बाबागाडी ढकलत निघाली होती. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि बाबागाडी मागं ओढली. आम्ही पाटी ओलांडून, तिच्यापासून दोन हातांवरून, कडेच्या बर्फाच्या ढिगात जाऊन थांबलो.

कुणाला काही झालं नाही. मुलगी खाली उतरून त्या बाईची माफी मागत राहिली. मला जे जमलं नव्हतं ते तिनं जागच्या जागी केलं. मग गाडीत येऊन बसली आणि रडली. "ऑल-व्हील होतं ना पप्पा," ती पुनःपुन्हा म्हणत होती.

मी तिला रागावलो नाही. तो अधिकार मी १९९३ सालीच घालवला होता. मी तिला ओढ्याची गोष्ट सांगितली. तोवर घरात कुणालाच सांगितली नव्हती. अब्बांचं वाक्य सांगितलं. ब्रेक तर प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतात. छोट्या गाडीला असतात तेवढेच तिच्या गाडीला. मग थांबताना ऑल-व्हीलचा जास्तीचा फायदा कुठून येणार? उतारावर खालच्या गिअरात इंजिननं गाडी धरली तर तो रोध चार चाकांत वाटला जातो, एवढी थोडी मदत होते. बाकी सगळं टायर आणि जमीन यांच्यातलं प्रकरण.

संध्याकाळी आम्ही दोघांनी कागद घेऊन हिशेब मांडला. मी विज्ञान शिकवलेलं, ती इंजिनिअर. ताशी ५० किलोमीटरवर ब्रेक लागल्यापासून कोरड्या डांबरावर गाडी साधारण १५ मीटरमध्ये थांबते. दाबल्या गेलेल्या बर्फावर ५० मीटर लागतात. गोठलेल्या काचेवर १००. या आकड्यांत चाकं दोन ओढतात की चार, याला जागाच नाही. जागा आहे ती वेगाला आणि रबराला. तिच्या गाडीचे टायर बाराही महिने चालणारे होते. थंडी सात अंशांच्या खाली गेली की तसं रबर कडक होत जातं. हिवाळी टायरचं रबर मऊ राहतं आणि त्यावरच्या बारीक चिरा बर्फ पकडतात. क्यूबेकमध्ये हिवाळी टायर २००८ पासून सक्तीचे आहेत. २०१९ पासून ही सक्ती १ डिसेंबरला सुरू होते आणि १५ मार्चपर्यंत असते. कायदा टायर मागतो, ऑल-व्हील मागत नाही. मुलीनं टायर बदलण्याची वेळ नोव्हेंबरअखेरची घेतली होती. बर्फानं तारीख पाहिली नाही.

गाडी चांगलीच होती, जीपही चांगलीच होती. अवघड जागी सहज शिरता यावं, हे दोघींचं काम. धोका त्या सहजपणातच आहे. साधी गाडी बर्फात निघतानाच घसरते आणि माणसाला सांगते, की जमीन आज आपली नाही. चार चाकांची गाडी ते सांगत नाही. ती निरोप दाबून ठेवते आणि उतारावर देते. तेव्हा ऐकायला वेळ नसतो. अब्बा बर्फावर निघताना मुद्दाम रिकाम्या जागी एकदा हळूच ब्रेक लावून बघायचे. जमिनीला सलाम करून पुढं जायचं, असं ते म्हणत. मुलगी आता तसं करते.

आम्ही परतलो. आता दर वर्षी ऑक्टोबर संपायच्या आत तिचा फोटो येतो, चार नवे काळे टायर. खाली काही लिहिलेलं नसतं. मला कळतं.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या मुलानं फोर बाय फोर गाडी घेतली. पाऊस उघडून घंटा झाला नव्हता आणि तो मला म्हणाला, "चला काका, शेतावर चक्कर मारू. ही कुठंही जाते." मी त्याच्या गाडीभोवती फिरलो, टायर पाहिले, गाडीची तारीफ केली. मग म्हणालो, "जाईल रे. पण वाटेत उतार आहे. वाफसा येऊ दे."

तो जरा हिरमुसला. मी दुसऱ्यांदाही म्हणालो, "वाफसा येऊ दे, बेटा."