'ढ' ढगातला!

आमचा धाकटा तोंडी उत्तरे धडाधड देई. लिहायला बसला की 'ब'चा 'व' होई, जोडाक्षरे तुटत. वस्तीत अभ्यासिका चालविणाऱ्या आम्ही उभयतांनी घरात मात्र त्याला 'ढ' म्हटले, हातही उगारला.

शेवटी वर्गशिक्षिकेच्या आग्रहाने सरकारी रुग्णालयात त्याची मानसशास्त्रीय चाचणी झाली. बुद्धी उत्तम, अडचण वाचन-लेखनाची. तिला अध्ययन अक्षमता म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिची नोंद आहे. प्रमाणपत्र असल्यास दहावीच्या परीक्षेत जादा वेळही मिळतो.

समुपदेशक बाईंनी मुलाआधी आम्हालाच विचारले, "याला शेवटची शाबासकी कधी दिलीत?" आम्ही मान खाली घातली.

१९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी सहकाऱ्यासह बुद्धिचाचणी तयार केली, ती मदतीची गरज असलेली मुले ओळखण्यासाठी. कपाळी शिक्का मारण्यासाठी नव्हे. जन्मावरून शिक्के सोसलेल्या आपल्या समाजाने तरी हे ध्यानी घ्यावे.

बंधू-भगिनींनो, समुपदेशन म्हणजे वेडावरचा इलाज नव्हे. मूल मागे पडत असेल तर छडी बाजूला ठेवा, चाचणी करून घ्या. आमच्या घरी आता 'ढ' फक्त ढगातला!