जोतिबाची पायवाट

कोल्हापूरच्या वायव्येला, पन्हाळा तालुक्यात, जोतिबाचा डोंगर आहे. माथ्यावरचे गाव वाडी रत्नागिरी. तिथले आजचे देऊळ राणोजी शिंदे यांनी 1730 साली बांधले. गाडीरस्ता थेट वर जातो, पण डोंगर कळतो तो पायी. मुलाबाळांसह निघणाऱ्यांनी पहाटेच चढावे. वाटेत आधी झाडी, मग काळा कातळ आणि गवताळ उतार. पायथ्याजवळची पोहाळ्याची लेणी मुलांना देवळाइतकीच आवडतात, कदाचित थोडी जास्तच. वरून पंचगंगेचे खोरे आणि उसाचे मळे दिसतात. पावसाळ्यात कातळ निसरडा होतो. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला मात्र गुलाल, सासनकाठ्या आणि ‘चांगभलं’चा गजर असतो; लहानग्यांना घेऊन निवांत चालायचे असेल तर तो दिवस टाळावा.