एक उभयान्वयी अव्यय

वीस वर्षे मराठी शिकवून मला एक खोड जडली आहे. पुस्तक हाती आले, की तांबडी पेन्सिलही हाती येते. परवा दिवाळीसाठी कपाट आवरताना कॉर्मॅक मॅकार्थी या अमेरिकन लेखकाची 'द रोड' ही २००६ सालची कादंबरी सापडली, आणि समासातल्या माझ्याच जुन्या तांबड्या खुणा पाहून मी ओशाळलो.

पहिल्या वाचनात मला त्या गद्याचा रागच आला होता. संवादांना अवतरणचिन्हे नाहीत, स्वल्पविरामांची कमालीची टंचाई, आणि वाक्ये तर 'आणि'ला 'आणि' जोडून पुढे ढकललेली! माझ्या वर्गातल्या मुलाने असा निबंध लिहिला असता, तर मी पंधरापैकी चार गुण दिले असते. या लेखकाला मात्र २००७ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले.

कादंबरीतले जग जळून गेले आहे. कशाने, ते लेखक सांगत नाही. राखेने भरलेल्या रस्त्यावरून एक बाप आणि त्याचा लहान मुलगा, दुकानातली ढकलगाडी रेटीत, दक्षिणेकडे चालले आहेत. त्यांना नावेही नाहीत. झाडे मेली, गावे ओस पडली, माणसे माणसांना खाऊ लागली. जिथे घरांचीच दारे मोडून पडली, तिथे संवादांना अवतरणचिन्हांच्या चौकटी कोण बसवणार?

एकदा बाप मुलाला कोको करून देतो आणि स्वतःच्या कपात नुसते गरम पाणी घेतो. मुलाच्या ते लक्षात येते. असे करणार नाही, असे बापाने कबूल केलेले असते. मुलगा त्याला त्याची आठवण देतो, आणि बापाला कोको वाटून घ्यावाच लागतो.

या पानाशी मी थांबलो. लहानपणी महिनाअखेरीला आई आम्हां भावंडांना वाढताना म्हणायची, "माझे मघाशीच झाले." तिचे ते वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. मी त्यावर कधी तांबडी खूण केली नाही. तिच्या पातेल्यात कधी डोकावलोही नाही. आता डोकवायचे म्हटले, तरी आई नाही.

त्या रात्री सौभाग्यवती म्हणाली, "तुम्ही बसा. मी मागाहून जेवते." मी उठून भाजीच्या पातेल्यावरचे झाकण काढले. तळाशी रस तेवढा उरला होता.

"अहो, हे काय? आता माझीही परीक्षा घेणार का?" ती हसून म्हणाली.

मी माझ्या पानातली निम्मी भाजी तिच्या ताटात वाढली.

'आणि'ला व्याकरणात उभयान्वयी अव्यय म्हणतात, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. दोहोंना जोडते ते. सारे जळून गेल्यावरही मॅकार्थीने तो एक शब्द का राखला, हे मला आता कळते. जेवण झाल्यावर मी खोडरबर शोधले आणि समासातल्या त्या खुणा एकेक करून पुसल्या.